ब्लेझिंग सॅडल्स : एका ग्राम्य विडंबनपटाचे बलाबल

अमेरिकन चित्रपटांतील ‘वेस्टर्न’ या प्रकाराचे नाव मराठीत ‘पाश्चिमात्य’ असे करून भागत नाही. येथे पश्चिम म्हणजे युरोप-अमेरिका नव्हे, तर अमेरिकेच्याच भूमीचा पश्चिम भाग : मिसिसिपी नदीपलीकडची अफाट कुरणे, वाळवंटे आणि डोंगराळ मुलूख. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्ती या मुलखात पसरत गेली आणि पुढे चित्रपटांनी त्या पसरण्याचे एक पुराण रचले. या पुराणाचा साचा ठरलेला असतो. धुळीने माखलेले एक लाकडी गाव, त्यात एक दारूचा गुत्ता, एक देऊळवजा चर्च, गावकऱ्यांच्या जमिनीवर डोळा ठेवून असलेला कोणी धनदांडगा, त्याने पाळलेले गुंड, आणि या सर्वांच्या मध्ये एकाकी उभा राहणारा शेरिफ किंवा कोठून तरी आलेला अनोळखी घोडेस्वार. ज्या भारतीय वाचकाने एकही अमेरिकन वेस्टर्न पाहिलेला नाही, त्यालाही हा साचा परका वाटणार नाही, कारण १९७५ च्या ‘शोले’मधील आगगाडीवरचा हल्ला, दरोडेखोरांनी गांजलेले गाव आणि भाड्याने आणलेले दोन बंदूकबाज हे सर्व याच घराण्याचे आहे.

या पुराणाची सर्वांत धीट टवाळी ज्या चित्रपटाने केली, तो ‘ब्लेझिंग सॅडल्स’ ७ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मेल ब्रुक्स. अवघ्या ९३ मिनिटांचा हा चित्रपट अचकट-विचकट आहे, शिवराळ आहे, ठिकठिकाणी बालिश आहे, आणि तरीही २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ठेव्यात, त्याचा समावेश झाला. ग्राम्यता आणि मौलिकता एकाच कलाकृतीत कशा नांदू शकतात आणि कोठे एकमेकींचा गळा धरतात, हे पाहण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कथानक थोडक्यात सांगता येते. काळ १८७४. रेल्वेमार्गाच्या वाटेत रुतवाळू लागल्यामुळे तो मार्ग रॉक रिज नावाच्या गावातून वळवावा लागणार असतो. गावच्या जमिनीला सोन्याचा भाव येणार, हे ओळखून राज्याचा महान्यायवादी हेडली लमार गावकऱ्यांना पळवून लावण्याचा घाट घालतो. गुंडांचा धुमाकूळ झाला तरी गावकरी हटत नाहीत. उलट राज्यपालाकडे नवा शेरिफ मागतात. तेव्हा लमारच्या डोक्यात एक कल्पना येते. रेल्वेवर राबणारा आणि मुकादमाच्या डोक्यात फावडे घातल्याबद्दल फाशीची वाट पाहणारा बार्ट हा कृष्णवर्णीय मजूर त्याच गावाचा शेरिफ म्हणून पाठवायचा. काळ्या माणसाच्या हाताखाली राहण्यापेक्षा गावकरी गाव सोडतील, नाहीतर त्याला ठार तरी करतील, असा त्याचा हिशेब. बार्ट मात्र जिम नावाच्या दारूत बुडालेल्या एका माजी पिस्तूलबाजाच्या साथीने तो हिशेब उधळून लावतो.

या सूत्राचा जन्म अँड्र्यू बर्गमन यांच्या एका मसुद्यात झाला. त्याचे नाव होते ‘टेक्स एक्स’. कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांच्या नावावरचा तो श्लेष. एका जुन्या वेस्टर्नमध्ये १९७० च्या आसपासचा, अपमान न गिळणारा काळा माणूस नेऊन उभा केला तर काय होईल, हा त्यामागचा प्रश्न. ब्रुक्स यांनी तो मसुदा एकट्याने पुरा केला नाही. बर्गमन, नॉर्मन स्टाइनबर्ग, ॲलन यूगर आणि कृष्णवर्णीय विनोदकार रिचर्ड प्रायर अशी मंडळी त्यांनी एका खोलीत बसवली. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांसाठी लेखकांच्या गर्दीत लिहिण्याची ब्रुक्स यांना सवय होतीच. चित्रपटाचे गुण आणि दोष या दोहोंचे मूळ या खोलीत आहे, हे पुढे दिसेल. बार्टची भूमिका प्रायर यांनीच करावी अशी ब्रुक्स यांची इच्छा होती, पण निर्मिती करणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने ती मानली नाही. भूमिका क्लिव्हन लिटल यांच्याकडे गेली. जिमच्या भूमिकेसाठी निवडलेले गिग यंग चित्रीकरणाच्या आरंभीच आजारी पडले आणि त्यांच्या जागी जीन वाइल्डर आले. हे दोन्ही बदल नाइलाजाने झाले असले, तरी लिटल यांचा शहरी, प्रसन्न डौल आणि वाइल्डर यांचा जवळजवळ कुजबुजता संथपणा यांमुळे चित्रपटातील गोंगाटाला एक शांत केंद्र मिळाले.

आता ज्या दृश्यामुळे चित्रपटाची सर्वाधिक अपकीर्ती आणि कीर्ती झाली, त्याकडे वळू. रात्रीची वेळ, उघड्यावर शेकोटी, भोवती बसलेले गुराखी. ते पत्र्याच्या ताटल्यांतून शिजवलेल्या घेवड्याच्या बिया खात आहेत, आणि मग एकामागून एक... मराठीत यासाठी घराघरांतला एक साधा शब्द आहे. पण तो ग्रंथात आला की वाचक दचकतो, आणि ‘अपानवायू’ म्हटले की विषय थेट आयुर्वेदात जातो. भाषांतरकाराची जी अडचण, तीच हॉलिवुडची होती. वेस्टर्नमधील पुरुष अर्धशतक शेकोटीभोवती बसून त्याच बिया खात आणि काळी कॉफी पीत आले होते, पण त्याचा स्वाभाविक परिणाम पडद्यावर एकदाही ऐकू आला नव्हता. ब्रुक्स यांनी तो ऐकवला. हे दृश्य बालिश आहे, यात शंका नाही. परंतु ते टीकाही आहे. ज्या पुराणातील वीर माणसे मारतात, पण ज्यांना शरीर म्हणून नसतेच, त्या पुराणाला ब्रुक्स शरीर परत करतात. दूरचित्रवाणीसाठी केलेल्या आवृत्तीत मूळ आवाज काढून टाकण्यात आले, तेव्हा उरला तो केवळ शेकोटीभोवती विनाकारण अर्धवट उठून पुन्हा बसणाऱ्या माणसांचा घोळका. ग्राम्यता काढली की दृश्याचा अर्थही निघून जातो, याचा याहून सोपा पुरावा देता येणार नाही.

चावट विनोदाची ही एक जात झाली. ती कोणाचे काही हिरावून घेत नाही. चित्रपटात तिची भावंडे पुष्कळ आहेत. राज्यपालाचे नाव ल पेटोमेन, हे पॅरिसच्या मुलँ रूजमध्ये अपानवायूचेच प्रयोग करून नाव मिळवणाऱ्या जोसेफ प्यूजोल यांच्या रंगमंचीय नावावरून घेतलेले आहे. वाळवंटाच्या ऐन मध्यभागी कोणीतरी पथकर वसूल करण्याचे एकुलते फाटक उभे केले आहे. आजूबाजूला कोसच्या कोस मोकळे असताना गुंडांची सगळी घोडदळाची फौज त्या फाटकाशी रांगेत उभी राहते आणि सुटी नाणी आणायला माणूस परत पाठवते. येथे मी मनापासून हसलो, आणि आज दुसऱ्यांदा पाहतानाही हसलो.

परंतु चित्रपटाचे खरे बळ या टवाळीत नाही. ते वंशद्वेषाच्या हाताळणीत आहे. पहिलेच दृश्य घ्या. उन्हात लोहमार्ग टाकणाऱ्या काळ्या मजुरांना गोरे मुकादम फर्मावतात की, गुलामगिरीच्या काळी तुम्ही म्हणत असा ते एखादे गाणे म्हणा. मजूर एकमेकांकडे पाहतात आणि कोल पोर्टर यांचे १९३४ चे एक अतिशय नागर, नाजूक प्रेमगीत संगीतसभेत म्हणावे तसे म्हणू लागतात. मुकादम गोंधळतात. त्यांना हवे असलेले गाणे कसे असते ते दाखवण्यासाठी ते स्वतःच उड्या मारीत, हात हलवीत स्टीफन फॉस्टर यांचे ‘कॅम्पटाउन रेसेस’ गाऊ लागतात. मजूर बाजूला उभे राहून ते पाहतात. काळ्या माणसाची जी प्रतिमा गोऱ्यांनी रंगमंचावर तोंडाला काळे फासून निर्माण केली, ती प्रतिमा शेवटी गोऱ्यांचीच होती, हे सांगण्यास एखाद्या अभ्यासकाला प्रकरण खर्ची घालावे लागले असते. येथे ते दोन मिनिटांत होते, आणि कोणी भाषण करीत नाही. त्यानंतर लगेच बार्ट आणि त्याचा सोबती हातगाडीसह रुतवाळूत बुडू लागतात. मुकादम धावत येतात, दोर टाकतात आणि चारशे डॉलरची हातगाडी वाचवतात. माणसे आपापल्या हिकमतीने बाहेर येतात.

शेरिफ म्हणून गावात पाऊल टाकताच सर्व गावकरी बार्टवर बंदुका रोखतात, तेव्हाचा प्रसंग तर या चित्रपटाचा कळस म्हणावा लागेल. बार्ट स्वतःचे पिस्तूल स्वतःच्याच मानेला लावतो आणि जरबेच्या आवाजात बजावतो की, कोणी हलला तर या काळ्याचा जीव जाईल. मग दुसऱ्या, भेदरलेल्या, केविलवाण्या आवाजात तोच स्वतःसाठी दयेची याचना करतो. गावकरी फसतात, एका बाईला तर त्याची कणव येते. गोऱ्यांच्या मनात काळ्या माणसाच्या दोनच प्रतिमा आहेत, एक भयंकर गुन्हेगार आणि दुसरा थरथरणारा नोकर. बार्ट त्या दोन्ही एकाच वेळी पांघरतो आणि त्यांच्या आडून निसटतो. आत शिरून दार लावल्यावर तो स्वतःच्या हुशारीची आणि त्यांच्या मूर्खपणाची मजा घेतो. हसे कोणाचे व्हावे, याविषयी येथे तिळमात्र संदिग्धता नाही.

आणि हाच या प्रकारच्या विनोदाचा निकष आहे. चित्रपटात काळ्यांना उद्देशून वापरली जाणारी, गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली शिवी वारंवार येते. ती मराठीत कशी आणावी? ‘काळा’ म्हटले तर केवळ वर्ण उरतो, विष उरत नाही. आपल्याकडे एखाद्या जातीचे नाव ज्या सुरात उच्चारले की त्याची शिवी होते, तो सूर वाचकाने मनात आणावा. प्रतिशब्द देण्याच्या भरीस मी पडत नाही. ती शिवी पटकथेत ठेवावी की नाही, हे आपण प्रायर यांना विचारूनच ठरवले, असे ब्रुक्स यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. पडद्यावर ती येते ती मुख्यतः मूर्खांच्या आणि दुष्टांच्या तोंडी, आणि एकदा तर तिचीच फजिती केलेली आहे : छपरावरून दुर्बिणीतून पाहणारा म्हातारा नवा शेरिफ कोण आहे हे ओरडून सांगू लागतो, पण नेमक्या त्या शब्दावर चर्चची घंटा वाजते आणि खालचे गावकरी शेरिफ जवळ आला असे समजून स्वागताला सज्ज होतात. मला मात्र याहून बोचरा वाटतो तो म्हातारीचा प्रसंग. जी बाई भर रस्त्यात बार्टला तीच शिवी हासडते, ती पुढे त्याने गाव वाचवल्यावर रात्री त्याच्या खिडकीशी येते, त्याला घरी केलेला पाय देते, क्षमा मागते, आणि जाता जाता विनवते की, मी तुझ्याशी बोलले हे मात्र कोणाला सांगू नकोस. येथे प्रेक्षक हसतो, पण ते हसू घशात जरा अडकते. खाजगीत माणुसकी आणि चारचौघांत विटाळ, हे दृश्य ओळखण्यासाठी भारतीय वाचकाला अमेरिकेचा इतिहास वाचावा लागत नाही.

इतिहासाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. वेस्टर्न चित्रपटांनी पश्चिमेतील काळा माणूस जवळजवळ पुसून टाकला होता. प्रत्यक्षात यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या अनेक काळ्यांनी गुराख्याचा पेशा पत्करला. इतिहासकारांच्या एका प्रचलित अंदाजानुसार दर चार गुराख्यांमागे एक कृष्णवर्णीय होता. तेव्हा शेरिफच्या पोशाखातील बार्ट हा चित्रपटाला वाटतो तितका विक्षिप्त कालविपर्यास नाही. रेल्वेचे चिनी मजूर तर १८६९ साली पुऱ्या झालेल्या आंतरखंडीय मार्गाच्या इतिहासातून उचललेलेच आहेत. गावकऱ्यांनी मदतीच्या बदल्यात या मजुरांना जमिनी द्याव्यात, अशी अट बार्ट घालतो, तेव्हा गावकरी काळे आणि चिनी यांना घेण्यास कसेबसे राजी होतात, पण आयरिश नको म्हणतात. द्वेषालाही पायऱ्या असतात, हे त्या एका घासाघिशीत आले आहे.

मात्र चिनी मजुरांविषयी चित्रपटाला याहून अधिक काही म्हणायचे नाही, आणि येथून दोषांचा प्रदेश सुरू होतो. काळ्या माणसाविषयी जी दक्षता प्रायर यांच्या उपस्थितीने राखली गेली, ती इतरांच्या वाट्याला आली नाही. चिनी मजुरांना चेहरे आहेत, स्वभाव नाहीत. ‘इंडियन’ टोळीचा प्रमुख स्वतः ब्रुक्स रंगवतात आणि तो यिडिश बोलतो. हॉलिवुडमध्ये आदिवासींच्या भूमिका इतरांनीच करण्याच्या प्रथेवर ही चपराक आहे हे खरे, आणि तो प्रमुख बार्टच्या कुटुंबाला सोडून देतो तेव्हा दोन गांजलेल्या जमातींचे नाते सूचितही होते. पण तेवढ्यावर आदिवासी संपतात.

स्त्रियांची अवस्था याहून वाईट. राज्यपालाची चिटणीस केवळ तिच्या कपड्यांपुरती पडद्यावर येते. बलात्कारावर गुंडांच्या तोंडी जे विनोद घातले आहेत, ते दुष्टांच्या तोंडी आहेत या सबबीवर सुटत नाहीत. कारण शिवीच्या बाबतीत जे घडते ते येथे घडत नाही. काळ्यांविरुद्धचा विनोद उलटून बोलणाऱ्यावर पडतो, कारण समोर बार्ट उभा आहे. स्त्रियांविरुद्धचा विनोद परतवून लावणारी स्त्री पटकथेत कोणी नाही. अपवाद एकच, मॅडलिन कान यांची लिली फॉन श्टुप. १९३९ च्या ‘डेस्ट्री राइड्स अगेन’ मधील मार्लीन डीट्रिश यांच्या गुत्त्यातील गायिकेचे हे विडंबन. कान यांनी तिचे गाणे मुद्दाम किंचित बेसूर, थकलेल्या गळ्याने म्हटले आहे. पुरुषांना रिझवून रिझवून विटलेली एक कष्टकरी बाई त्या गाण्यात क्षणभर दिसते, आणि सहायक अभिनेत्रीच्या ऑस्कर पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले ते योग्यच होते.

लिलीच्याच एका प्रसंगात चित्रपटाची एक चुकलेली संधीही आहे. ती बार्टला भुरळ घालण्यासाठी खोलीत बोलावते. दिवा मालवतो आणि काळ्या पुरुषाच्या शरीराविषयी गोऱ्या समाजात जी जुनी, हावरट आणि भयग्रस्त आख्यायिका आहे, ती खरी निघाल्याचा लिलीचा आनंदोद्गार अंधारातून येतो. मूळ पटकथेत यानंतर बार्टचे एक उत्तर होते. बाईसाहेब, आपली समजूत चुकते आहे, हाती लागले आहे ते दुसरेच काही, अशा आशयाचे. ते वाक्य ब्रुक्स यांना स्वतःलाच फार झाले आणि त्यांनी ते गाळले. इतका बेगुमान दिग्दर्शक नेमका येथे भ्याला, याचे नवल वाटते. ते वाक्य राहते तर आख्यायिकेचे हसे झाले असते. ते गेल्यामुळे आख्यायिकाच शाबूत राहिली. अश्लीलता कमी केल्याने चित्रपट अधिक सभ्य झाला नाही, अधिक खोटा झाला.

वॉर्नर ब्रदर्सच्या वरिष्ठांना अर्थात याहून पुष्कळ अधिक गाळायचे होते : ती शिवी, शेकोटीचे दृश्य, घोड्याला ठोसा मारून आडवे करणारा मोंगो. अंतिम संकलनाचा अधिकार करारानेच ब्रुक्स यांच्याकडे होता. आपण सर्व सूचना मुकाट्याने उतरवून घेतल्या आणि बैठक संपताच तो कागद फेकून दिला, अशी हकिगत ते सांगत आले आहेत.

त्या अधिकाराचा दुसरा परिणाम म्हणजे चित्रपटाची विस्कळीत रचना. लेखकांच्या खोलीत ज्याला जे सुचले ते सर्व आत आले. उत्तम विनोदाच्या पाठोपाठ तिसऱ्या प्रतीचा विनोद येतो. हेडली लमारला सर्वांनी ‘हेडी’ म्हणण्याची कोटी इतक्या वेळा येते की, अभिनेत्री हेडी लमार यांनी खरोखरच दावा लावला (तो न्यायालयाबाहेर मिटला) याचे आश्चर्य वाटत नाही. न्यूयॉर्क टाइम्सचे व्हिन्सेंट कॅनबी यांनी या विस्कळीतपणावरच बोट ठेवले होते. मोंगो वश झाल्यानंतर गावाचे काय होणार याची काळजी प्रेक्षकाला उरत नाही, हे मलाही मान्य करावे लागते. वाइल्डर आणि लिटल यांच्या संभाषणांत जी ऊब आहे, ती पुढे वाढू दिली असती तर ही उणीव भरून निघाली असती.

शेवट मात्र या उणिवेवर मोठ्या हुशारीने उभारलेला आहे. गुंडांना चकवण्यासाठी गावकरी आणि मजूर रातोरात रॉक रिजची हुबेहूब प्रतिकृती उभारतात, नुसते दर्शनी भाग, मागे टेकू. अर्थात हॉलिवुडचे प्रत्येक वेस्टर्न गाव तसेच असते. मारामारी रंगात येते, कॅमेरा वर उचलला जातो आणि आपल्याला दिसते की, हे सर्व वॉर्नर ब्रदर्सच्या आवारात चालले आहे. मारामारी शेजारच्या चित्रणगृहाची भिंत फोडून एका नृत्यपटात घुसते. त्या नृत्यपटातील पुरुष नर्तकांची जी बायकी टिंगल आहे, ती आज पाहवत नाही; मोठ्यांची टवाळी करण्यास निघालेला चित्रपट येथे दुबळ्यांवर घसरतो. मग उपाहारगृह, तेथे एकमेकांच्या तोंडावर पाय फेकणे, आणि लमारचे टॅक्सीत बसून या चित्रपटाबाहेर घेऊन चल म्हणणे. तो ग्रॉमन्स चायनीज थिएटरात जाऊन बसतो, तर तेथे ‘ब्लेझिंग सॅडल्स’च चालू असतो. त्याला बाहेर गाठून गोळी घातल्यावर बार्ट आणि जिम आपल्याच चित्रपटाचा शेवट पाहण्यासाठी आत जातात, आणि त्या शेवटात ते दोघे घोड्यांवरून वाळवंटात थोडे दूर जातात, खाली उतरतात आणि ऐसपैस मोटारीत बसून निघून जातात.

शीर्षकगीत गाणारे फ्रँकी लेन यांना हा विनोदी चित्रपट आहे, हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी ते गाणे खऱ्याखुऱ्या वेस्टर्नसाठी गावे तशा कळकळीने गायले, आणि म्हणूनच ते विडंबन म्हणून इतके खणखणीत उतरले. सुमारे २६ लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने पुढे पुनःप्रदर्शनांसह अकरा कोटींहून अधिक डॉलर मिळवले. २०२० साली एचबीओ मॅक्स या सेवेवर तो दाखवताना चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्ट्युअर्ट यांचे काही मिनिटांचे प्रास्ताविक त्याला जोडण्यात आले. वंशद्वेष्टी भाषा कोणाच्या तोंडी आहे आणि का, हे त्यात समजावून सांगितलेले होते. १९७४ च्या प्रेक्षकाला ते कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यांतले किती जण शिवी देणाऱ्याला हसले आणि किती जण शिवीलाच हसले, हे तिकिटांच्या आकड्यांवरून कळत नाही.

दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, याच कथेवर मुलांसाठी एक सचेतपट निघाला, ‘पॉज ऑफ फ्युरी’. त्यात मांजरांच्या गावात एक कुत्रा रक्षक म्हणून पाठवला जातो. शिवी नाही, वर्ण नाही, अमेरिका नाही. एका पात्राला आवाज शहाण्णव वर्षांच्या ब्रुक्स यांचाच आहे.